नळी रिकामी राहते तेव्हा

‘पाण्याचं विचारा’ या सदराला या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत अमेरिका आहे. उन्हाळ्यात मुलाबाळांकडे गेलेली आपली माणसं परत आलीत, आणि येताना तिकडचा नळ डोक्यात घेऊन आलीत. म्हणून या वेळी तेच प्रश्न एकत्र घेतले. मी पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. एकतीस वर्षांत जे हातानं केलं आणि नंतर निवांतपणे जे वाचलं, त्यावरून लिहितो.

प्रश्न : मुलगा ओहायोत असतो. तीन महिने राहून आले. गाव लहानसंच, पण गावाच्या कडेला उंच टाकी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. घरावर मात्र कुणाच्याच टाकी नाही, खाली हौद नाही, मोटार नाही. तीन महिन्यांत एकदाही नळ गेला नाही. सून म्हणायची, ‘आई, कशाला भरून ठेवता?’ तरी मी रोज रात्री दोन पातेली भरून ठेवायचे. त्या टाकीत असं काय आहे, जे आपल्या टाकीत नाही?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, ती दोन पातेली सोलापूरच्या कुठल्याही बाईकडून सुटणार नाहीत. ती सवय नाही, अनुभव आहे.

टाकीत वेगळं काही नाही. आपल्याकडचे जलकुंभ तेवढेच मोठे आहेत, काही त्याहून मोठे. फरक आहे टाकीखालच्या नळीत. तिकडची नळी चोवीस तास भरलेली असते. आपली दोन-तीन तास भरते आणि पुढचे तीन-चार दिवस रिकामी पडून राहते.

नुसतं पाणी साठवायचं तर टाकी उंच बांधायची गरजच नाही. जमिनीवर बांधली तर कितीतरी स्वस्त पडते. उंचावर नेतात ती दाबासाठी. हिशेब सोपा आहे. पाण्याची उंची दहा मीटर वाढली की दाब साधारण एक किलोनं वाढतो, टायरमध्ये हवा भरणाऱ्याच्या भाषेत चौदा पौंड. चाळीस मीटर उंच टाकीच्या पायथ्याशी पंचावन्न-साठ पौंड मिळतात. तुमच्या मुलाच्या घरी वरच्या मजल्यावरचा शॉवर मोटारीशिवाय चालतो तो त्यावर. रात्री वापर कमी असतो तेव्हा पंप टाकी भरून घेतो. सकाळी सगळं गाव एकदम आंघोळीला लागलं की टाकी थोडी उतरते, दुपारी पुन्हा चढते. वीज गेली तरी पाणी स्वतःच्या वजनानं येतच राहतं. शिवाय टाकीतला एक हिस्सा आगीसाठी राखलेला असतो. रस्त्याच्या कडेचे ते बुटके लोखंडी खांब तुम्ही पाहिले असतील. बंबाचा पाइप त्यांनाच जोडतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. तिकडच्या बऱ्याच राज्यांत दंडक असा आहे की आग विझवायला पाणी ओढलं जात असलं तरी नळीतला दाब वीस पौंडांच्या खाली जाता कामा नये. गेला, तर ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना निघते. पाण्यात काही सापडलेलं नसतं, नुसता दाब उतरलेला असतो. एवढ्यावरून गावाला पाणी उकळायला लावायचं, हे नोकरीत असताना मला कुणी सांगितलं असतं तर अतिरेक वाटला असता. आता वाटत नाही, कारण दाब उतरल्यावर काय होतं ते मी खड्ड्यात उभा राहून पाहिलेलं आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. एका गल्लीत लिकेज होतं म्हणून खणलं. सहा इंची बिडाची लाइन, आणि तिच्या वीतभर वरून गटार गेलेलं. सांध्याला बोटाच्या पेराएवढी फट. पाणी चालू होतं तोवर फटीतून कारंजं उडत होतं आणि खड्डा भरत होता. मी चावीवाल्याला हाक मारून चावी बंद करायला सांगितली. कारंजं बसलं. मिनिटभरात खड्ड्यातल्या काळ्या पाण्यावर एक लहानसा भोवरा दिसायला लागला, मोरीतलं पाणी उतरताना फिरतो तसा. उताराच्या घरांकडे नळी रिकामी होत होती आणि मागून गटाराचं पाणी त्याच फटीतून आत ओढत होती. शेजारी उभा असलेला मजूर म्हणाला, ‘बरं झालं साहेब, खड्डा आपोआप रिकामा व्हायलाय.’ मी ओरडून चावी परत उघडायला लावली आणि त्या कारंज्यात भिजत उभा राहिलो. नंतर तासभर वॉशआउटमधून, म्हणजे लाइन धुऊन काढायच्या तोंडातून, ती लाइन वाहवली. तो भोवरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही, कारण त्याच्या खालच्या अंगाला तीस-चाळीस घरं होती.

फटी अमेरिकेतल्या नळ्यांनाही आहेत. तिकडेही शंभर वर्षांपूर्वीच्या लाइनी आहेत आणि गळती भरपूर आहे. पण नळीत दाब असला की पाणी फटीतून बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. गळतीत पाणी जातं त्याचं दुःख आहेच, पण ते पैशाचं दुःख. रिकाम्या नळीचं दुःख मुलांच्या पोटात जातं.

आणि आपण स्वतः ते वाढवतो. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढलं की गल्लीतली लाइन आणखी रिकामी होते, शेजाऱ्याच्या घरी नळ नुसता फुसफुसतो आणि फटीतून घाण आणखी जोरात आत येते. मोटार लावायचीच तर हौदात पाणी पडू द्या आणि हौदातून वर चढवा. कळकळीनं सांगतो, लाइनला मोटार लावू नका.

खर्चही बघा. खाली हौद, वर टाकी, मोटार, तिचं वीजबिल आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र. गावानं एक टाकी नीट चालवली असती तर जे काम तिनं केलं असतं, ते प्रत्येक घर आपापल्या पैशानं करतंय. ज्याच्याकडे हौदाला जागा नाही, त्या विडी कामगार बाईनं बॅरल भरायला रात्री दोन वाजता उठायचं. हे आपल्या देशात बदलता येत नाही असं मात्र मानू नका. कराडजवळच्या मलकापुरात मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं गेलं. ओडिशातल्या पुरीनं २०२१ मध्ये चोवीस तास, नळाचं थेट पिण्याजोगं पाणी सुरू केलं. दोन्ही इथलीच गावं आहेत, तिथली माणसंही आपल्यासारखीच.

अमेरिकेलाही हे कुणी आयतं दिलं नाही. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली, पन्नासेक हजारांच्या शहरात पाचेक हजार माणसं गेली. तो ताप डासांमुळे येतो हे तेव्हा माहीत नव्हतं, लोकांनी घाणीला आणि घाण पाण्याला दोष दिला. निदान चुकलं, पण त्या धसक्यानं १८०१ मध्ये शहरानं वाफेच्या पंपांवर सार्वजनिक पाणी सुरू केलं, पोखरलेल्या लाकडी ओंडक्यांच्या नळ्यांतून. शिकागोचा जुना दगडी वॉटर टॉवर १८६९ चा. परदेशी गेलेले आपले लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, पण त्यात टाकी नाही हे फार थोड्यांना माहीत असतं. आत होती तीन फूट व्यासाची, सुमारे ४२ मीटर उंच उभी नळी. वाफेचा पंप प्रत्येक ठोक्याला हिसका देतो. तो हिसका या उभ्या नळीत जिरायचा आणि पुढे शहराला पाणी सारख्या दाबानं जायचं. १८७१ च्या मोठ्या आगीत टॉवर वाचला, पण पंपघराचं छत जळालं, पंप बंद पडले आणि ऐन आगीत शहराचं पाणी गेलं. त्याच १८७१ साली आपल्याकडे एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा, तलाव पुरा झाला. तो अजून सोलापूरला पाणी देतो.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या व्हिडिओत उंच इमारतींवर लाकडी टाक्या दिसतात. एवढं श्रीमंत शहर, अजून लाकूड का? ते कुजत नाही का?
— एक विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर : प्रश्न छान विचारलास. आधी पाणी येतं कुठून ते बघ. न्यूयॉर्कनं १८४२ मध्ये क्रोटन नदीचं पाणी ६६ किलोमीटरवरून नुसत्या उतारानं शहरात आणलं. पुढे ते आणखी वर, कॅट्सकिलच्या डोंगरांपर्यंत गेले. त्यांचा डेलावेअर बोगदा १३७ किलोमीटर लांब आहे. आपली उजनीची पाइपलाइन शंभराच्या वर किलोमीटर येते, पण पंपांच्या जोरावर. त्यांचं पाणी जवळजवळ सगळं डोंगरावरून आपल्या वजनानं उतरतं. उतारानं आलेलं पाणी पाच-सहा मजल्यांपर्यंत चढतं. त्यापुढच्या इमारतीला स्वतःचा पंप आणि गच्चीवर स्वतःची टाकी. म्हणजे तिथंही घरावर टाकी आहेच, फक्त ती भरणारी नळी कधी रिकामी नसते.

आता लाकूड. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, पूर्वी बैलगाडीचं चाक उन्हात वाळून ढिलं झालं की गाडी ओढ्यात उभी करायचे. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि चाक लोखंडी धावेत घट्ट बसायचं. टाकीचंही तेच. देवदाराच्या जातीच्या फळ्या उभ्या लावतात, बाहेरून लोखंडी कडी आवळतात. खिळा नाही, डिंक नाही. पहिल्यांदा पाणी भरलं की टाकी सगळीकडून गळते, मग फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. सतत ओलं लाकूड लवकर कुजत नाही. ओलं-सुकं होत राहिलं तर कुजतं. शिवाय लाकडामुळे थंडीत पाणी गोठत नाही आणि लोखंडी टाकीपेक्षा स्वस्त पडतं. पुन्हा व्हिडिओ बघशील तेव्हा कड्यांकडे लक्ष दे. खालची कडी जवळजवळ असतात, वरची लांब लांब. खाली पाण्याचा दाब जास्त, म्हणून तिथं आवळणं जास्त. पुस्तकातला दाबाचा धडा तिथं उघड्यावर मांडलेला आहे.

एक गोष्ट मात्र व्हिडिओत दिसत नाही. त्या डोंगरांतले जलाशय बांधताना गावं उठवली, घरं पाडली, स्मशानातली प्रेतंसुद्धा हलवली. आपल्या उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. नळ उघडताना अशा गावांची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

प्रश्न : मुलगी मिशिगनमध्ये आहे. तिकडे सगळे नळाचं पाणी थेट पितात म्हणतात, पण तिनं तर फिल्टर लावलाय. मग खरं काय?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : दोन्ही खरं आहे. आणि मिशिगनमध्ये राहून फिल्टर लावणाऱ्या मुलीला मी भित्री म्हणणार नाही.

त्याच राज्यात फ्लिंट नावाचं, तेव्हा सुमारे लाखभर वस्तीचं शहर आहे. ते डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचं पाणी घ्यायचं. पैसे वाचवायचे म्हणून एप्रिल २०१४ मध्ये फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. तिथं घरापर्यंत जाणाऱ्या बऱ्याच जुन्या नळ्या शिशाच्या होत्या. अशा नळीला आतून एक खपली धरलेली असते. पाण्यात फॉस्फेटसारखं औषध टाकत राहिलं तर ती टिकते आणि शिसं पाण्यात उतरत नाही. नदीचं पाणी जास्त खाणारं होतं आणि औषध टाकलंच नाही. खपली सुटली, शिसं नळातून घरात आलं. लोक लालसर पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले, त्यांना पाणी ठीक आहे असं सांगितलं गेलं. जनरल मोटर्सनं मात्र इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्येच त्या पाण्याला नकार दिला. लोखंडाला सोसेना ते पाणी मुलं आणखी वर्षभर पीत होती. शेवटी मार्क एडवर्ड्स या प्राध्यापकांच्या चमूनं घरोघरचं पाणी तपासलं, डॉ. मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातलं शिसं आकड्यांसह पुढे ठेवलं, आणि पुढच्याच महिन्यात पाणी परत बदलावं लागलं.

नवीन शिशाच्या नळ्यांवर तिकडे १९८६ पासून बंदी आहे, पण जुन्या जमिनीत आहेतच. सगळ्यात जास्त शिकागोत, चारेक लाख.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू पडते. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलीडो शहरात चार-पाच लाख लोकांना सांगितलं गेलं की नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. ईरी सरोवरात शेतातलं खत वाहून आलं, त्यावर हिरवं शेवाळ माजलं आणि त्यातलं विष फिल्टर हाउसमधून पुढे आलं. उकळल्यानं ते मरत नाही; पाणी आटतं आणि विष दाट होतं. तीन दिवस शहर बाटल्यांच्या पाण्यावर होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं दिसतं, जलपर्णी पसरते. उजनीत पाणी किती टीएमसी हे आपण रोज पेपरात वाचतो. ते पाणी कसं आहे हे तितक्याच ठळकपणे छापलं गेलं पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आणि सांगत राहीन.

तिकडची एक चाल मात्र उचलावी अशी आहे. अमेरिकेत गावांना पाणी पुरवणाऱ्या सुमारे पन्नास हजार योजना आहेत, बहुतेक लहान लहान गावांच्या. प्रत्येकीला दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना लेखी कळवावं लागतं की तुमचं पाणी कुठून येतं, त्यात काय सापडलं, किती सापडलं आणि मर्यादा किती. मुलीला म्हणावं, तुझ्या गावाचा तो कागद काढून वाच. घर जुनं असेल तर नळी कशाची आहे ते विचार. फिल्टर त्यानंतर ठरव.

प्रश्न : अमेरिकेत कालव्यातून जहाजं चालतात असं वाचलं. आमच्या उजनीच्या कालव्यात होडी चालेल का?
— एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : नाही चालणार, दादा. आपला कालवा शेताला पाणी द्यायला उतरता ठेवलेला असतो, पाणी सारखं पुढे जातं आणि आवर्तन संपलं की कोरडा पडतो. जहाजाच्या कालव्यात पाणी जवळजवळ उभं लागतं. १८२५ मध्ये पुरा झालेला ईरी कालवा ५८४ किलोमीटर लांब होता, हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत. वाटेत दीडशे मीटरहून जास्त चढ, म्हणून त्याला ८३ पायऱ्या केल्या. एकेक पायरी म्हणजे दोन दारांचा हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, नाव पाण्याबरोबर वर येते, मग पुढचं दार उघडायचं. पंप लागत नाही. नावा काठावरून खेचरं आणि घोडे ओढत. खोली फक्त चार फूट, पण त्यावर न्यूयॉर्कचं बंदर भरभराटीला आलं.

प्रश्न : कधी कधी नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येतो. मुलं पीत नाहीत. ते पाणी फेकून द्यावं का?
— एक गृहिणी, साखर पेठ

उत्तर : ताई, फेकू नका. पसरट पातेल्यात तासभर उघडं ठेवा, वास बराच जातो. बिनवासाच्या पाण्यापेक्षा हे पाणी मला जास्त भरवशाचं वाटतं.

तो वास क्लोरीनचा. पाण्यात टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर तुम्ही पाहिली असेल, पांढरी, डोळ्यांना झोंबणारी. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी याच जातीची पावडर कुणाची परवानगी न घेता रोज टाकायला सुरुवात केली. पाण्यात विष कालवलं म्हणावं अशी ती गोष्ट होती, आणि प्रकरण कोर्टातच चाललं होतं. कोर्टानं शेवटी त्यांची पद्धत मान्य केली. मग गावोगाव क्लोरीन आलं आणि विषमज्वर ओसरत गेला. त्याआधी तिकडेही दरवर्षी हजारो माणसं त्या तापानं जात.

पावडर ताजी असेल तर तिच्यात तिसरा हिस्सा क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की जोर जातो, आणि मग टाकूनही उपयोग नसतो. म्हणून शेवटच्या नळाला तपासणी करतात. लहान काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या औषधाचे, थेंब टाकायचे, हलवायचं. तुमच्या घरी येणारं पाणी रिकाम्या नळीतून येतं, म्हणून तुम्हाला ही तपासणी ओहायोतल्या माणसापेक्षा जास्त गरजेची आहे. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं आपलं मानक सांगतं. पुढच्या पाळीला पाणी तपासायला माणूस आला की त्याला तुमच्याच नळाचं पाणी घ्यायला लावा आणि शेजारी उभ्या राहून बघा. पहिली पाच मिनिटं गढूळ येतं ते जाऊ द्या, मग काचेची नळी भरा. रंग फिकट पिवळा आला तर घागर भरून घ्या. रंग आलाच नाही, तर त्या दिवशी पाणी उकळा आणि गल्लीतल्या सगळ्यांना सांगा.